बोहाड्याचे मुखवटे आणि प्रोफाइल स्पॉटचा प्रकाश

जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील बोहाड्याचे विवेचन करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच दैवते, विधी आणि मुखवटे यांकडे जाते. ज्या उजेडात ही सोंगे नाचतात तो उजेड मात्र पार्श्वभूमीची बाब मानून सोडून दिला जातो. ही उपेक्षा समर्थनीय नाही. मुखवटा स्वतः निश्चल असतो. त्याच्या ठायी भावपालट भासतो तो मस्तकाच्या हालचालीमुळे आणि छायाप्रकाशाच्या सरकण्यामुळे. संबळाच्या ठेक्यावर नाचणाऱ्या सोंगाजवळ टेंभा पेटलेला असतो, तेव्हा ज्योत मुखवट्याच्या साधारण उंचीवरून आणि अगदी निकटून पडते. त्यामुळे नाक, भुवया, सुळे यांच्या छाया लांबतात आणि ज्योतीबरोबर थरथरतात. गोंधळातील दिवटीप्रमाणे येथेही उजेड हा प्रयोगाचाच एक घटक होय.

हेच सोंग नाट्यगृहात आले म्हणजे काय होते? प्रेक्षागृहाच्या वरच्या बाजूने, दोन्हीकडून सारख्या तीव्रतेचे प्रोफाइल स्पॉट त्यावर सोडले जातात. सर्व काही स्वच्छ दिसते आणि मुखवटा मरतो. एकीकडील छाया दुसरीकडचा दिवा पुसून टाकतो. उरतो तो रंगविलेला लगदा. स्टॅन्ले मॅकँडलेस यांनी १९३२ साली मांडलेली पंचेचाळीस अंशांची पद्धत जिवंत चेहऱ्यासाठी होती, आणि तीतही दोन बाजूंच्या उजेडात उष्ण व शीत असा वर्णभेद अभिप्रेत होता, हे येथे विसरले जाते.

अंतराचा प्रश्न याहून मूलगामी आहे. बिंदुवत दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. टेंभ्यापासून एक मीटरवर असलेले सोंग आणखी एक मीटर मागे सरले की त्यावरील उजेड चतुर्थांशावर येतो. दहा मीटरवरील स्पॉटच्या बाबतीत तेवढ्याच पावलाने तो सुमारे सतरा टक्केच घटतो. म्हणजे अंधारातून पुढे येणे व पुन्हा अंधारात विरणे ही बोहाड्याच्या नृत्यातील जी नाट्यमय क्रिया, ती रंगमंचावर केवळ पाय हलविणे ठरते. दिव्यांची संख्या वाढवून ही हानी भरून निघत नाही, उलट वाढते.

याचा दोष उपकरणाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. १९३३ साली अमेरिकेत लेव्ही व कुक यांनी, आणि त्याच वर्षी क्लीगल बंधूंनी, प्रचारात आणलेल्या या दिव्यात लंबवर्तुळाकार परावर्तक असतो. त्याच्या एका नाभीशी दिवा असून प्रकाश दुसऱ्या नाभीकडे एकवटतो. तेथील झरोक्यापाशी चार पाती असतात आणि झरोक्याची प्रतिमा भिंग रंगमंचावर टाकते. ही प्रतिमा उलटी पडते, म्हणून वरचे पाते सरकविले की उजेडाची खालची कड कापली जाते. भिंग पुढेमागे करून कड तीक्ष्ण वा मृदू करता येते. टेंभ्याच्या उजेडाला कडच नसते. तेव्हा बोहाड्याच्या सोंगाभोवती रेखीव वर्तुळ उमटविणे ही अभिरुचीची चूक होय. भिंग सरकवून कड विरवावी आणि पात्यांचा उपयोग पडद्यावर सांडणारा उजेड रोखण्यापुरताच करावा.

दिवा साधताना नटाला मुखवट्यासह उभे करणे अगत्याचे आहे. मुखवट्याने उंची व रुंदी दोन्ही वाढतात, आणि उघड्या डोक्याच्या बेताने साधलेल्या झोतातून नेमका मुगुट बाहेर राहतो. एक स्पॉट विंगेतून, मुखवट्याच्या उंचीवर, शक्य तितका जवळ घ्यावा. समोरचा उजेड हावभाव कळण्यापुरता मंद असावा. रंगाविषयीही विवेक हवा. ज्योतीचे वर्णतापमान सुमारे १९०० केल्व्हिन, तर रंगमंचावरील हॅलोजनचे ३२०० च्या आसपास. हॅलोजन मंद केला की तो आपोआप तांबूस होत जातो. साधा एलईडी मंद केला तरी पांढराच राहतो, आणि त्याच्या उजेडात महिषासुराचे सोंग दुकानातील काचेआड ठेवल्यासारखे दिसते. त्याला अंबर रंगाचा फिल्टर लावावा लागतो.