'सिल्लादार' : एका इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती

इंग्रजी दप्तरांत शिरूरचे 'सिरूर' झाले आणि दौंडचे 'धोंड'. 1878 साली पूर्ण झालेला दौंड-मनमाड लोहमार्गही तेथे 'धोंड' या नावानेच नोंदला गेला. या रूपांची सवय झालेल्या अभ्यासकास इंग्रजीतील 'सिल्लादार' हा आपल्या 'शिलेदारा'चाच अपभ्रंश वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

मूळ शब्द फारसी 'सिलाहदार'. त्यातील 'सिलाह' अरबी असून त्याचा अर्थ शस्त्रे. 'दार' म्हणजे बाळगणारा. मुळात 'स' आहे; 'श' केला तो मराठीने. इकारापूर्वीच्या 'स'चा 'श' करणे ही तर मराठीची जुनीच खोड : सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का. तेव्हा इंग्रजीतील 'स' हा विकार नसून मूळ वर्णच होय. (लकाराचे द्वित्व मात्र निखालस इंग्रजी लेखकांचे.) केवळ ध्वनीवरून पाहिल्यास हा शब्द एखाद्या फारसी मुनशीकडूनही इंग्रजांस मिळू शकला असता.

निर्णय अर्थावरून करावा लागतो. या व्युत्पत्तीत घोडा कोठेच नाही. उस्मानी दरबारातील सिलाहदार हा सुलतानाची तलवार सांभाळणारा अधिकारी होता. दक्षिणेत, विशेषतः मराठेशाहीत, स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार, आणि दुसऱ्याच्या वा सरकारच्या घोड्यावर बसे तो बारगीर. इंग्रजीने उचलला तो हाच अर्थ. आणि तो उचलण्याचे एक ठिकाण म्हणजे शिरूरची छावणी. 1817 साली उभारलेले 'पूना ऑक्झिलरी हॉर्स' हे घोडदळ याच पद्धतीचे होते. त्या वर्षीच्या 31 डिसेंबरच्या रात्री शिरूरहून कोरेगावकडे निघालेल्या पायदळाबरोबर त्याचे सुमारे अडीचशे स्वार होते.

'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने (1886) या शब्दाचा अर्थ स्वतःचा घोडा व शस्त्रे आणणारा स्वार असा दिला आहे. तो मराठी शिलेदारास चपखल लागू पडतो. इंग्रजी सिल्लादारास तितकासा नाही. पुढे पुढे स्वार 'असामी' म्हणून ठरलेली रक्कम पलटणीत भरी आणि घोडा पलटणच पुरवी. म्हणजे घोडा त्याचा, पण निवड व व्यवस्था पलटणीची! शब्द तोच राहिला आणि आतील व्यवहार पालटला, याची दखल कोशाने घ्यावयास हवी होती. पहिल्या महायुद्धातील घोड्यांची हानी ही पद्धत पेलू शकली नाही. 1921 च्या पुनर्रचनेत ती बंद झाली, आणि इंग्रजीत हा शब्द लष्करी इतिहासाच्या ग्रंथांपुरता उरला. मराठीत मात्र 'शिलेदार' आडनाव होऊन नांदतो आहे.