403 प्रजाती की 2? नव्या गांधीलमाशीचं वर्णन वाचायचं कसं

टॅक्सॉनॉमीत पीएचडी करू का, असं कुणी विचारलं की मी आधी दोन पेपर वाचायला सांगतो. दोन्ही उष्ण प्रदेशातल्या पॅरासिटॉइड गांधीलमाश्यांच्या नव्या प्रजातींवर आहेत. एक 2003 चा, नॉइस आणि शॉफ यांचा. सहा पानं, दोन नव्या प्रजाती. दुसरा 2021 चा, शार्की आणि सहकाऱ्यांचा, 'झूकीज'मधला. 665 पानं, 403 नव्या प्रजाती. आता सांगा, मोठं काम कुठलं?

आधी पॅरासिटॉइड म्हणजे काय ते बघू. मादी दुसऱ्या किड्याच्या अंगात किंवा अंगावर अंडी घालते. त्यातून निघालेली अळी त्या यजमान किड्याला खात खात वाढते आणि शेवटी मारते. शेतकरी ज्यांना मित्रकीटक म्हणतात, त्यातले बरेच हेच. घराच्या वळचणीला पोळं करून डसणारी गांधीलमाशी डोळ्यासमोर आणू नका. यातल्या कितीतरी प्रजाती एक-दोन मिलिमीटरच्या असतात.

लहान पेपरपासून सुरुवात करू. त्यातली एक प्रजाती अ‍ॅसेरोफॅगस पपाये. ती पपईवरच्या पिठ्या ढेकणात वाढते. हा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. 2008 मध्ये तो कोइम्बतूरला सापडला आणि पुढे महाराष्ट्रातही पसरला. पपईच नाही, तर तुतीच्या बागाही त्याने धरल्या. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून तीन पॅरासिटॉइड भारतात आणले गेले. बंगळुरूच्या केंद्रीय संस्थेने ते वाढवून वाटले आणि कीड आटोक्यात आली. त्या तिघांपैकी दोघांची नावं याच सहा पानांतून आलेली. परदेशातून जिवंत कीटक आणायचा तर परवानगी कुठल्या नावाने मागणार? आलेल्या खोक्यात नेमकी तीच गांधीलमाशी आहे हे कशावरून ठरवणार? तिथे वर्णन, आकृत्या आणि यजमानाची नोंद कामाला येते.

आता मोठा पेपर. त्यावर टीका करण्याआधी त्याचं देणं मान्य करू. कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात जॅन्झेन आणि हॉलवाक्स यांनी तिथल्या लोकांसोबत कित्येक दशकं अळ्या गोळा करून वाढवल्या. त्या जोरावर या पेपरात 219 प्रजातींचे यजमान दिलेत. एवढ्या यजमान-नोंदी एका जागी मिळणं सोपं नाही. लेखकांचा मुद्दाही खरा आहे: प्रजाती अफाट, तज्ज्ञ मोजके, जंगलं जाताहेत, जुन्या वेगाने काम संपणार नाही.

पण त्यांनी घेतलेला तोडगा मला पटत नाही. बहुतेक प्रजातींसाठी दिलंय काय, तर बाजूने काढलेला एक फोटो आणि सीओआय या एका जनुकाच्या तुकड्याचा क्रम. जवळच्या प्रजातीपासून ही वेगळी कशी ओळखायची, हे शब्दांत जवळजवळ नाहीच. प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता मात्र 1930 नंतरच्या नावांसाठी वेगळेपण दाखवणारी लक्षणं शब्दांत मागते. एटीजीसीची ओळ हे 'शब्दांत लक्षण' होतं का, यावर मोठा वाद झाला.

दुसरा प्रश्न विज्ञानाचा. सीओआय हा मायटोकॉन्ड्रियातला जनुक, म्हणजे फक्त आईकडून येणारा. गांधीलमाश्यांमध्ये वोल्बाकिया नावाचे जिवाणू सर्रास असतात आणि तेही आईकडूनच पुढे जातात. जिवाणू पसरला की त्याच्यासोबत एखादा बारकोडही पसरतो. मग एकाच प्रजातीत दोन बारकोड किंवा दोन प्रजातींत एकच बारकोड दिसू शकतो. मायर आणि सहकाऱ्यांनी याच पेपरचा डेटा पुन्हा तपासला. बारकोडचे हे आपोआप पडलेले गट इतके स्थिर नाहीत की सरळ त्यांनाच नाव द्यावं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणजे बारकोड नकोच का? तसं अजिबात नाही. याच ग्वानाकास्ते प्रकल्पाचा 2008 चा पेपर बघा. तिथे मायक्रोगॅस्ट्रिनी उपकुळातल्या सहा जीनसमधल्या तात्पुरत्या 171 प्रजाती तपासल्यावर 313 झाल्या. दिसायला सारख्या गांधीलमाश्यांचे यजमान वेगळे निघाले. ते शक्य झालं, कारण बारकोड, शरीररचना, यजमान आणि संग्रहातले नमुने एकमेकांशी ताडून पाहिले होते. पटलं नाही की पुन्हा तपासलं. 2021 मध्ये वेग वाढवायला बाकीचे पाय काढले आणि टेबल एका पायावर उभं केलं, ही माझी खरी तक्रार.

जुन्या पद्धतीचीही आरती करायला नको. स्पर्शिकेचा प्रत्येक खंड मोजून दोन पानं भरायची आणि शेजारच्या प्रजातीशी तुलना एका ओळीचीही करायची नाही, असे पेपरही पुष्कळ आहेत. वाचणाऱ्याला तेही तितकेच निरुपयोगी.

आता आपल्याकडे या. समजा, धाराशिव जिल्ह्यात कळंबकडच्या हरभऱ्यातून घाटेअळ्या आणल्या आणि त्यातून गांधीलमाशी निघाली. लगेच 'नवी प्रजाती' म्हणू नका. घाटेअळीतून निघते ती बऱ्याचदा कॅम्पोलेटिस क्लोरिडी असते. तिला उचिदा यांनी 1957 मध्येच नाव दिलंय. येडशीच्या रामलिंग घाटात रात्री दिव्यावर लांब पायांची पिवळसर गांधीलमाशी आली तर आधी मराठवाडा विद्यापीठाच्या पी. के. निकम यांचा एनिकोस्पिलसच्या भारतीय प्रजातींवरचा 1980 चा अभ्यास काढा. एवढं करूनही ती कशातच बसली नाही, तर पुढचं बोलू.

तेव्हा वर्णन लिहिताना समोर एक वाचक ठेवा: आपल्यासारख्याच जिल्ह्याच्या कॉलेजातला, स्टीरिओ मायक्रोस्कोप असलेला पण सिक्वेन्सर नसलेला. त्याच्या हातातली गांधीलमाशी तुमचीच आहे की नाही, हे त्याला ठरवता येईल का? त्यासाठी जवळच्या प्रजातींशी तुलना हवी, यजमान हवा, होलोटाइप कुठे ठेवलाय ते हवं. जैवविविधता कायदा, 2002 नुसार नव्या प्रजातीचे नमुने नेमलेल्या संग्रहात जमा करावेच लागतात. बारकोडही जरूर द्या, पण या सगळ्याच्या जोडीला.

आणि लेबल! 2023 आधीच्या लेबलवर 'उस्मानाबाद' असेल, आता 'धाराशिव'. जुनं लेबल खोडू नका, जसं आहे तसं उतरवा आणि आजचं नाव शेजारी लिहा. नव्या लेबलवर गावासोबत अक्षांश-रेखांश टाका, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला त्याच बांधावर यायचं असेल तर येता येईल.

हे सगळं केलं तर एका प्रजातीला वर्ष सहज जातं. 403 च्या पुढे एक म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. तेव्हा ती सहा पानं पुन्हा वाचा.