श्रवण, शोध आणि वाटणी : परिसरसंगीताच्या पुनर्शोधाची चिकित्सा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चुंबकीय फीत आणि सिंथेसायझर या दोन साधनांमुळे संगीतनिर्मितीच्या प्रक्रियेत मूलभूत परिवर्तन घडून आले. त्यातून उदयास आलेल्या प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताचा, विशेषतः 'अँबियंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहाचा, मराठी संगीतसमीक्षेने फारसा विचार केलेला नाही. प्रस्तुत लेखात 'अँबियंट'साठी 'परिसरसंगीत' ही संज्ञा योजली आहे. या संगीताचा इतिहास सामान्यतः रचनाकार आणि तंत्र यांच्या अंगाने लिहिला जातो. येथे मात्र ते श्रोत्यांपर्यंत कसे पोहोचते, कोण ते शोधतो, कोण वाटतो आणि या व्यवहारात मूळ कृतीच्या अर्थाचे काय होते, हे तीन शहरांतील उदाहरणांच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

दुर्लक्षासाठी रचलेले संगीत

परिसरसंगीताची पूर्वपीठिका फ्रेंच संगीतकार एरिक साती यांच्यापर्यंत नेता येते. १९१७ च्या सुमारास त्यांनी 'घरसामानाचे संगीत' ही कल्पना मांडली. खोलीतील खुर्ची-टेबलाप्रमाणे संगीतही नुसते असावे, त्याकडे कोणी मुद्दाम पाहू नये, असा त्यांचा आग्रह होता. १९२० मध्ये पॅरिस येथे मध्यंतरात असे संगीत वाजविले गेले, तेव्हा प्रेक्षक बोलणे थांबवून ऐकू लागले आणि साती यांना त्यांना बोलत राहण्याची विनंती करावी लागली, असे सांगितले जाते. पुढे १९५२ मध्ये जॉन केज यांची '४ मिनिटे ३३ सेकंद' ही कृती डेव्हिड ट्यूडर या पियानोवादकाने सादर केली. तीत वादकाने एकही स्वर वाजवायचा नव्हता; सभागृहातील आवाज हाच श्रवणाचा विषय होता.

या प्रवाहाला नाव आणि सिद्धांत दिला तो ब्रायन ईनो यांनी. १९७५ मध्ये अपघातानंतर ते अंथरुणाला खिळून असताना एका मैत्रिणीने त्यांना हार्प या तंतुवाद्याची ध्वनिमुद्रिका आणून दिली. ती लावली तेव्हा आवाज फारच मंद होता, एक ध्वनिक्षेपक बंद होता आणि उठून तो वाढविण्याची शक्ती त्यांच्यात नव्हती. पावसाच्या आवाजात मिसळलेले ते अर्धवट सूर ऐकताना संगीत हा परिसराचाच एक भाग होऊ शकतो, याची जाणीव त्यांना झाली. त्याच वर्षी 'डिस्क्रीट म्युझिक' आणि १९७८ मध्ये 'अँबियंट १ : म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या कृती सिद्ध झाल्या. लक्ष दिले तर रस वाटावा आणि न दिले तरी बिघडू नये, अशी दुहेरी अपेक्षा त्यांनी या संगीताकडून केली. 'म्युझॅक' या नावाने दुकानांत आणि कार्यालयांत पुरविल्या जाणाऱ्या पार्श्वसंगीतापासून त्यांनी आपले संगीत जाणीवपूर्वक वेगळे केले.

या प्रसंगातील एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. या सिद्धांताच्या मुळाशी कोणीतरी कोणालातरी आणून दिलेली एक ध्वनिमुद्रिका आहे. हा केवळ योगायोग मानता येत नाही. गीत गुणगुणण्यातून पसरते, बंदिश शिष्याच्या गळ्यातून पुढे जाते, अभंग वारीबरोबर चालतो. परिसरसंगीताला बहुधा शब्द नसतात, ओठांवर राहील अशी चाल नसते आणि अनेकदा मैफलही नसते. जे संगीत स्वतःकडे लक्ष वेधीत नाही, त्याकडे दुसऱ्या कोणीतरी लक्ष वेधावे लागते. म्हणूनच वाटणी ही या संगीताच्या बाबतीत केवळ प्रसाराची बाब न राहता अस्तित्वाची अट ठरते.

टोकियो : स्थळाचा लोप

जपानमध्ये या प्रवाहाला 'कान्क्यो ओन्गाकु' म्हणजे शब्दशः परिसरसंगीत असेच नाव मिळाले. हिरोशी योशिमुरा यांची 'म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स' ही ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. खिडकीतून दिसणारे ढग आणि झाडांची सावली यांच्याशी नाते सांगणाऱ्या या छोट्या स्वरवाक्यांचा टोकियोतील हारा वस्तुसंग्रहालयाच्या वास्तूशी निकटचा संबंध होता. योशिमुरा २००३ मध्ये निवर्तले. त्यानंतर दशकभराने श्रोत्यांनी यूट्यूबवर चढविलेल्या प्रतींमधून आणि तेथील स्वयंचलित शिफारशींमधून ही कृती जगभर पोहोचली. २०१७ मध्ये तिची अधिकृत पुनरावृत्ती निघाली आणि २०१९ मध्ये 'कान्क्यो ओन्गाकु' याच नावाचा संकलित संग्रह अमेरिकेतून प्रसिद्ध झाला.

या प्रसाराचे मोल नाकारता येणार नाही. अनधिकृत प्रतींनी श्रोते निर्माण केले नसते, तर अधिकृत आवृत्ती निघण्याची शक्यता कमीच होती. तथापि एका विशिष्ट वास्तूशी, तिच्या खिडक्यांशी आणि उजेडाशी जोडलेले संगीत आता अभ्यासासाठी, झोपेसाठी, चित्त शांत होण्यासाठी लावावयाच्या याद्यांमध्ये कर्त्याच्या नावाशिवायही ऐकले जाते. ईनो यांनी ज्या पार्श्वसंगीतापासून फारकत घेतली होती, त्याच्याच जवळ ही वाटणी या संगीताला नेऊन ठेवते. श्रोता मिळाला, पण स्थळ हरवले.

अहमदाबाद : संस्थेची स्मृती

दुसरे उदाहरण आपल्या अधिक निकटचे आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारण्यास साहाय्य केले. केज यांची निःशब्द कृती प्रथम सादर करणारे ट्यूडर ते हेच. या संबंधामागे आणखी जुना धागा होता. १९४६ मध्ये गीता साराभाई यांनी न्यू यॉर्क येथे केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे पाठ घेतले होते. संगीताचे प्रयोजन चित्त शांत करणे हे आहे, हा विचार केज यांना त्यांच्याकडूनच मिळाला. तात्पर्य, सिंथेसायझर अहमदाबादेत परदेशातून आला असला, तरी त्यामागील विचारविनिमय एकतर्फी नव्हता.

१९६९ ते १९७२ या काळात गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. त्यानंतर या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. लंडनस्थित कलावंत पॉल पर्गस यांनी त्यांचा अभ्यास केला, २०२० मध्ये बीबीसीसाठी त्यावर नभोवाणी कार्यक्रम केला आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' हा संग्रह प्रसिद्ध झाला.

या रचनांचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळणे आवश्यक आहे. त्यांना पाश्चात्त्य प्रयोगांचे अनुकरण म्हणणे जितके अन्यायाचे, तितकेच त्या केवळ जुन्या आणि भारतीय आहेत म्हणून त्यांना श्रेष्ठ ठरविणे अविवेकाचे. काही रचना नव्या यंत्राची चाचपणी करण्याच्या पलीकडे जात नाहीत. परंतु 'वन्स आय प्लेड अ तानपुरा' या शीर्षकातच एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. तानपुरा हे आपल्याकडील परिसरसंगीताचे मूलद्रव्य म्हणता येईल. तो मैफलभर वाजतो आणि ऐकणाऱ्याचे लक्ष मात्र गायकाकडे असते. ज्या परंपरेने अखंड स्वराला नेहमीच पार्श्वभूमी मानले, तिच्यातील रचनाकार त्या स्वराला अग्रभागी आणू पाहतो, तेव्हा तो अनुकरण करीत नसून आपल्याच श्रवणसवयींची तपासणी करीत असतो. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या ज्या कोटी मांडल्या, त्यांपैकी 'संगम' या कोटीचा विचार अशा रचनांच्या संदर्भात नव्याने करता येईल.

मुंबई : 'प्रथम' या विशेषणाची अडचण

तिसरे उदाहरण मुंबईचे आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मालकंस आदी दहा राग त्यांनी रोलँड कंपनीच्या यंत्रांवर वाजविले. त्या वेळी तिला प्रतिसाद मिळाला नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाच्या पुढाकाराने ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि शिकागोतील 'अ‍ॅसिड हाउस' या नृत्यसंगीताच्या काही वर्षे आधीचा हा आविष्कार असल्याची चर्चा पाश्चात्त्य नियतकालिकांत सुरू झाली. २०१५ मध्ये सिंग यांचे निधन झाले.

यंत्रे तीच आणि ध्वनीही मिळताजुळता, हे खरे. परंतु शिकागोच्या संगीताशी या कृतीचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. 'प्रथम' या विशेषणाने कृतीला किंमत मिळते ती दुसऱ्याच्या इतिहासातील एक पायरी म्हणून. तिचा स्वतःचा प्रश्न, म्हणजे ठरावीक मात्रांच्या यांत्रिक आवर्तनात रागाची बढत कितपत टिकते, हा विचारायचाच राहून जातो. तो विचारला असता उत्तर संमिश्र मिळते. मींडेला अनुकूल अशा सरकत्या स्वरांमुळे काही रागांची ओळख स्पष्ट उमटते. मात्र ठोका क्षणभरही न थांबल्यामुळे रागाला लागणारा विसावा मिळत नाही. असे उत्तर गौरवाच्या भाषेत बसत नसले, तरी कृतीचा आदर त्यातच अधिक आहे.

निष्कर्ष

मराठीत 'शोध' हा शब्द धुंडाळणे, सापडणे आणि संशोधन या तिन्ही अर्थांनी वापरला जातो. वरील तीनही उदाहरणांत पहिले दोन अर्थ साध्य झाले. तिसरा बव्हंशी अपुरा राहिला. अहमदाबादच्या फिती हरवल्या नव्हत्या, त्या कपाटात होत्या. चरणजित सिंगही मुंबईतच होते. हरवले होते ते आपले कुतूहल. ते इतरांनी दाखविले, याबद्दल कृतज्ञ राहूनही त्यांच्या दृष्टीनेच आपण ऐकावे असे नाही.

आपल्याकडे श्रवणसंग्रहाची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या जतनाचे आणि सामूहिक श्रवणाचे कार्य केले आहे. प्रश्न आहे तो ही आस्था रूढ कोटींबाहेरच्या ध्वनींपर्यंत नेण्याचा. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आणि भाषा-संगीत विभागांत व्याख्यानांच्या, स्नेहसंमेलनांच्या, नाट्यप्रयोगांसाठी केलेल्या ध्वनिसंकलनाच्या फिती आजही असू शकतात. चुंबकीय फीत कालांतराने खराब होते आणि ती वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ होत जातात. अशा फितींची नोंद करताना रचनाकाराचे नाव, ध्वनिमुद्रणाचे स्थळ आणि प्रयोजन या तीन बाबी टिपल्या गेल्या, तरी स्थळ, स्मृती आणि स्वतंत्र मूल्य हरवण्याचा धोका पुष्कळ अंशी टळेल. या नोंदीसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. कपाट उघडून ऐकण्याची तयारी मात्र हवी. जे संगीत स्वतःहून हाक मारीत नाही, त्याच्या बाबतीत ही जबाबदारी ऐकणाऱ्यावरच येते.