खांब आणि दोरी

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर 'पोखर्णी नृसिंह' ह्या नावाचे स्थानक लागते. तेथील नृसिंहापुढे हात जोडताना आपण केवढ्या अद्भुत कल्पनेसमोर उभे आहो, ह्याचा सवयीने विसर पडतो. खांब दुभंगावा आणि त्यातून धड नर नाही, धड पशू नाही, असे दैवत प्रकट व्हावे! इमारतीचा जड भाग सजीव व्हावा, ही शिल्पकलेची मूळ आकांक्षाच नव्हे काय?

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) ह्यांच्या शिल्पांचा विचार करताना आम्हांस ही कथा वारंवार आठवते. मुंबईत जन्मलेल्या व बडोद्यास शिकलेल्या ह्या शिल्पकर्तीने १९७० नंतर वाखाची दोरी हाती घेतली. माग नाही, आधी काढलेले रेखाचित्र नाही. गाठीवर गाठ मारीत प्रचंड आकृती उभी करावयाची, ही त्यांची रीत. 'यक्षी' (१९८४) हे शिल्प पाहावे. वस्त्राच्या चुण्या कोठे संपल्या, पाकळी कोठे उमलली व देह कोठे सुरू झाला, हे सांगणे कठीण.

"ही कसली शिल्पकला? हे तर दोरकाम!" असा आक्षेप कोणी घेईल. त्याच्या मुळाशी हस्तव्यवसायाविषयीची तुच्छता आहे, असे आमचे मत आहे. त्यांचे गुरू के. जी. सुब्रमण्यन ह्यांना कारागिरीविषयी मोठा आदर होता, आणि शिष्येने तो सार्थ केला. अजिंठ्याच्या चित्रांतील पट्टेदार वस्त्रांची नक्षी कोणीही उतरून घेईल. मुखर्जींनी प्राचीन धागेकामाची बांधणी आत्मसात केली. देवळाच्या कळसाची वा तोरणाची नक्कल करण्याच्या मोहातही त्या पडल्या नाहीत. गाभाऱ्यात पाऊल टाकताच मनावर जे दडपण येते, तेवढेच त्यांनी उचलले.

एक उणे मात्र सांगितले पाहिजे. 'देवी', 'यक्षी' ही नावे प्रेक्षकाचे डोळे उघडण्यापूर्वीच त्याचे हात जोडून घेतात. नावावाचूनही ज्या आकृती दरारा निर्माण करितात, त्यांस ह्या टेकूची गरज नव्हती. पुढे त्या माती व काशाकडे वळल्या. ती शिल्पे अधिक टिकतील. तरी दोरीतील ताण आम्हांस त्यांत तितकासा आढळत नाही.

२०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. परंतु त्यांच्या थोरवीची आमची कसोटी घरगुती आहे. ही शिल्पे पाहिल्यावर ओसरीवरचे शिंके आणि गोठ्यातले दावे आपण पुन्हा एकदा निरखून पाहतो.