शेक्सपिअरचा शोध आणि झाडीपट्टीच्या वह्या

आंग्ल नाटककारांचा मुकुटमणी जो शेक्सपिअर, त्याच्या हातच्या म्हणून सर्वमान्य अशा सह्या अवघ्या ६ उरल्या आहेत. त्याने लिहिलेले खासगी पत्र तर एकही नाही. अशा पुरुषाचे चरित्र चित्ररूपाने सांगावयाचे म्हणजे मोठेच साहस होय. ते मायकेल वूड या इतिहासकाराने बी.बी.सी.साठी २००३ साली 'इन सर्च ऑफ शेक्सपिअर' या ४ भागांच्या माहितीपटात केले. हा माहितीपट आम्ही नुकताच पुन्हा साद्यंत पाहिला. प्रथम पाहताना न सुचलेला एक विचार या खेपेस मनात घोळू लागला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वूड यांची पद्धती आम्हांस मनापासून आवडली. नटांना जुने वेष चढवून शेक्सपिअरच्या संसाराची सोंगे वठविण्याचा सोपा मार्ग त्यांनी टाळला आहे. ते दफ्तरखान्यांत शिरतात, जीर्ण कागद उलगडतात आणि त्या त्या स्थळी उभे राहून बोलतात. २६ एप्रिल १५६४ ची बाप्तिस्म्याची नोंद, १५९६ च्या ऑगस्टात पुरलेल्या हॅम्नेट या ११ वर्षांच्या एकुलत्या मुलाची नोंद, बिऱ्हाडाच्या घरमालकाच्या हुंड्याच्या तंट्यात १६१२ साली दिलेली साक्ष, असल्या कोरड्या कागदांवरच या कवीचे चरित्र उभे आहे. कारकुनांनी लिहून ठेवलेल्या चार ओळी चारशे वर्षांनी केवढ्या मोलाच्या ठरतात, हे येथे प्रत्ययास येते.

परंतु या माहितीपटाचे खरे सौंदर्य फिरत्या नाटकमंडळीच्या दर्शनात आहे. रॉयल शेक्सपिअर कंपनीचे नट जुन्या काळच्या नटांप्रमाणे गावोगाव जातात आणि जुन्या सभागृहांत प्रयोग करतात. शेक्सपिअरचा बाप स्ट्रॅटफर्डचा नगराध्यक्ष असताना, १५६९ च्या सुमारास, त्या गावाने आलेल्या दोन मंडळ्यांपैकी एकीस ९ शिलिंग आणि दुसरीस १ शिलिंग दिल्याची नोंद आहे. तेव्हा विल्यम पाच वर्षांचा होता. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकास हे दृश्य केवळ ऐतिहासिक वाटेल. आम्हां चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांस मात्र ते घरचे वाटते. धानाचे पीक घरात आले, मंडया आणि शंकरपट भरू लागले, की आमच्या झाडीपट्टीतही गावकरी मंडळ वर्गणी जमवून वडशाची नाटक कंपनी ठरविते. मग मंडप उभा राहतो आणि पाहुण्यारावळ्यांसह सारे गाव पहाटेपर्यंत नाटकासमोर बसून राहते. इंग्लंडात जे नव्याने करून दाखवावे लागले, ते येथे दर हिवाळ्यात आपोआप घडत आहे.

आता दोषाकडे वळू. शेक्सपिअरच्या घराण्याचा कल जुन्या कॅथलिक पंथाकडे होता, या मतावर वूड यांचा फार भर आहे. १५६४ साली स्ट्रॅटफर्डच्या प्रार्थनामंदिरातील भित्तिचित्रे पुसण्याचा खर्च खुद्द कवीच्या बापाच्या हिशेबात लागला आहे. यावरून त्या पिढीच्या मनाची ओढाताण सूचित करणे न्याय्य आहे. पण तेवढ्यावरून कवीच्या अंतःकरणातील श्रद्धा ठरविता येत नाही. विशेषतः १५८५ ते १५९२ या अज्ञात वर्षांविषयी बोलताना अनुमान आणि पुरावा यांतील अंतर पुसट होते. ग्रंथात 'कदाचित' हा शब्द आला की वाचक क्षणभर थांबतो. पडद्यावर तोच शब्द डोंगर, धुके आणि संगीत यांत विरून जातो, व पाहणारा तर्कालाच इतिहास समजून उठतो.

आमच्या मनात घोळणारा विचार याहून निराळा आहे. १६२३ साली हेमिंग्ज आणि काँडेल या दोन सहकारी नटांनी शेक्सपिअरची ३६ नाटके एकत्र छापविली. त्यांतील निम्मी, म्हणजे १८, तोपर्यंत छापलीच गेली नव्हती. 'मॅकबेथ' त्यांपैकीच एक. ते पुस्तक निघाले नसते तर शिरवाडकरांचा 'राजमुकुट' तरी कोठून येता? आणि त्या काळच्या विद्वानांस नाटकांची किंमत होती असेही नव्हे. ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा संस्थापक टॉमस बॉडली हा नाट्यपुस्तकांना केरकचरा समजे आणि ती ग्रंथालयात घेऊ नयेत असे बजावीत असे.

झाडीपट्टीच्या नाटकांविषयी आपल्याकडील सुशिक्षितांचे मत बॉडलीहून फारसे वेगळे आहे काय? २०२३ साली परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, याचा आम्हांस अभिमान आहे. त्यायोगे नटाचा गौरव झाला. पण नाटके लिहिणाऱ्यांच्या वह्यांचे काय? हंगामासाठी लिहिलेल्या कित्येक संहिता छापखान्याचे तोंड पाहत नाहीत. हंगाम सरला, नवे नाटक आले, की जुनी वही मागे पडते. या नाटकांत विनोद भडक असतो, प्रसंग ताणलेले असतात, हे आम्ही नाकारीत नाही. त्यांत कोणी शेक्सपिअर आहे असेही आमचे म्हणणे नाही. परंतु आहे की नाही हे ठरविण्याचे साधनच जर आपण नष्ट होऊ दिले, तर पुढील पिढीने निर्णय कशाच्या आधारे करावा?

म्हणून हा माहितीपट अवश्य पाहावा, आणि पाहून झाल्यावर आपल्या गावच्या नाट्यमंडळाकडे एक साधी मागणी करावी. ज्या नाटकाचा प्रयोग होईल त्याच्या संहितेची एक प्रत, प्रयोगाची तारीख आणि कंपनीस दिलेल्या रकमेची पावती गावच्या वाचनालयात ठेवावी. स्ट्रॅटफर्डच्या कारकुनाने ९ शिलिंगांची नोंद केली तेव्हा यापेक्षा अधिक काही केले नव्हते.