कात्री-डिंकाचा इतिहास

मंडळी, समीक्षा म्हटलं की कादंबरी, नाटक, फार तर सिनेमा, असं आपण धरून चालतो. आज आम्ही ज्या ग्रंथाची समीक्षा करणार आहोत त्याला प्रकाशक नाही, त्याची एकच प्रत निघते, आणि खरा लेखक कोण हे घरात सगळ्यांना ठाऊक असूनही मुखपृष्ठावर दुसऱ्याचंच नाव असतं. तिसरी-चौथीची इतिहासाची प्रोजेक्ट फाइल. इथं बसलेल्या पुष्कळ आजी-आजोबांनी ती रात्री अकरापर्यंत जागून सजवली असेल, तेव्हा ओळख फार करून द्यायला नको.

ग्रंथाचं स्वरूप ठरलेलं आहे. वर प्लास्टिकचं कव्हर, आत चमकीच्या पेननं नाव, वर्ग, तुकडी. मग शिवनेरी, रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग; प्रत्येक चित्राखाली चार ओळी, आणि त्या चार ओळींत मुलाला न कळणारे निदान सहा शब्द. पूर्वी सोबत थर्माकोलचा किल्ला असायचा. 2018 च्या बंदीनंतर पुठ्ठ्याचा आला. हुडकेश्वर रोडवरच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी उभं राहून पाहा. "भाऊ, किल्ल्यांचे चित्र आहेत का? उद्या द्यायचे आहेत." दुकानदार विचारतो, "मोठे की छोटे?" कोणते किल्ले, हे तो विचारत नाही आणि आईही सांगत नाही. आपल्याच शहरातला सीताबर्डीचा किल्ला, जिथं नोव्हेंबर 1817 मध्ये नागपूरकर भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, तो या फायलींत आम्हाला क्वचितच भेटला. त्याचं तयार चित्र मिळत नसावं.

आता हे आलं कुठून? हेतू वाईट नव्हता, हे आधी कबूल केलं पाहिजे. शासनानं 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. तिसरी-चौथीला साठ टक्के भार आकारिक मूल्यमापनाचा, चाळीस टक्के संकलित. आकारिकच्या साधनांत तोंडी काम आलं, उपक्रम आला, प्रकल्प आला. घोकंपट्टीवर हा उतारा होता. पण नोंदवहीत प्रकल्पाचा रकाना आला की तो भरावा लागतो, आणि पंचेचाळीस मुलांच्या वर्गात विचारांपेक्षा फाइल मोजायला सोपी. ज्यानं हा शब्द शिक्षणात रूढ केला त्या किलपॅट्रिकनं 1918 च्या आपल्या निबंधात प्रकल्पाची एकच अट घातली होती: हेतू मुलाचा स्वतःचा हवा. बाकी सगळं आपण घेतलं, तेवढी अट गळाली. आणि किलपॅट्रिकपर्यंत तरी कशाला जायचं? इथून जेमतेम दोन तासांवर वर्ध्याला 1937 मध्ये नई तालीमचा विचार मांडला गेला, तोही हाताच्या कामातून डोकं चालवण्याचाच होता. आपल्याकडे हात आईचे चालतात.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेळेचा किंवा खर्चाचा नाही. कॉलिंगवुड म्हणून इंग्रज तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचं इतिहासाच्या संकल्पनेवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1946 मध्ये निघालं. त्यात त्यानं एका प्रकारच्या इतिहासाला नावच दिलं आहे, कात्री-डिंकाचा इतिहास. म्हणजे आधीच्या अधिकारी माणसांनी जे सांगून ठेवलं त्यातले तुकडे कापायचे, नीट जुळवायचे, चिकटवायचे. खरा इतिहासकार, तो म्हणतो, प्रश्नापासून निघतो आणि पुराव्याला बोलतं करतो. बिचाऱ्यानं हे उपमा म्हणून लिहिलं होतं. आपण नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात खरोखरच कात्री आणि डिंक दिला.

एक उदाहरण घ्या. शिवजयंतीच्या प्रत्येक फायलीत पहिल्या पानावर 19 फेब्रुवारी 1630 असतं. ही तारीख आपल्याला आयती मिळालेली नाही, बरं का. 1627 की 1630 हा वाद किती वर्षं चालला! लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली, तिच्यातल्या नोंदीनं 1630 चं पारडं जड झालं, इतिहासकार भांडले, समिती बसली, आणि पुढे राज्य शासनानं ही तारीख मान्य केली. एका तारखेमागं एवढी माणसं, एवढे कागद. हे चौथीच्या मुलाला कळणार नाही असं म्हणणाऱ्यांनी त्याला क्रिकेटमध्ये धावबाद होतं की नव्हतं यावर वाद घालताना ऐकावं. दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात तेव्हा काय करायचं, हे त्याला चांगलं कळतं. चौथीला 1970 पासून शिकवलं जाणारं शिवछत्रपतींचं पुस्तक गोष्ट सांगतं आणि त्यानं गोष्टच सांगावी. त्या वयात ती छातीत भरून घेतलीच पाहिजे. प्रकल्पाचं काम तिथून पुढे सुरू होतं: हे आपल्याला कसं कळलं? हा प्रश्न लहानपणी एकदाही न विचारलेलं मूल मोठं होऊन मोबाइलवर आलेला कुठलाही मजकूर इतिहास म्हणून पुढे ढकलतं. ती मंडळी आपल्या ओळखीची आहेत.

आता आपल्या हुडकेश्वरकडे या. कालपरवापर्यंत इथं ग्रामपंचायत होती, आता महानगरपालिका आहे. शेतांचे लेआउट पडले, लेआउटचे प्लॉट झाले. इथल्या प्रत्येक घरमालकाच्या कपाटात आणखी एक फाइल असते. तिच्यात विक्रीपत्र, सातबारा, फेरफार, लेआउटचा नकाशा, अकृषकचा कागद, आणि आरएलसाठी घातलेल्या चकरांच्या पावत्या. मंडळी, ही फाइल इतिहास आहे. शेत कोणाचं होतं, कधी विकलं, नकाशात ज्याला मैदान म्हटलं तिथं आज काय उभं आहे, सगळं तिच्यात आहे. एकाच घरात दोन फायली, आणि आपण मुलाला चमकीची देतो.

समजा बाईंनी एवढंच विचारलं: तुझं घर आहे तिथं आधी काय होतं, आणि तुला हे कोणी सांगितलं? आजी सांगेल तूर होती. शेजारचे काका म्हणतील, छे, पऱ्हाटी. कोपऱ्यावरची बुजवलेली विहीर काहीच सांगणार नाही, पण ती तिथं आहे. मूल तिघांनाही विचारून येईल आणि 'दोघांचं जुळत नाही' असं वहीत लिहील. आमच्या दृष्टीनं त्याला पूर्ण गुण. राजवाड्यांनी दुसरं काय केलं? गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरांत पडलेली दप्तरं शोधली आणि त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथाचे बावीस खंड उभे केले.

इथं एक शंका येते, आणि ती रास्त आहे. ज्या मुलाच्या घरी कपाटही नाही, कागदही नाही, त्याचं काय? बांधकामावर राबायला आलेल्या कुटुंबातलं मूल, आई-बाप बालाघाटकडचे, भाड्याची खोली. तर चालू पद्धतीत सगळ्यात मार खातं ते हेच मूल. रंगीत प्रिंटचे पैसे त्याच्याकडे नाहीत, फाइल सजवायला जागणारं कोणी नाही, आणि गुण तर सजावटीला. उलट 'तुम्ही इथं कधी आणि का आलात' हा प्रश्न फुकट आहे. त्याचं उत्तर त्याच्या आईकडे आहे, शाळेतल्या कोणाहीपेक्षा भरघोस, आणि बहुधा आजवर तिला ते कोणी विचारलेलं नाही.

गृहपाठ किती द्यावा यावर आम्ही फार बोलत नाही. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, आणि तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, असं लिहिलेलं आहे. एका फाइलला घर किती तास खर्ची घालतं ते ज्यानं त्यानं मोजावं. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर मात्र पोरं तीन-तीन दिवस घालवतात आणि थकत नाहीत. वाट वळणावळणानं का न्यायची, पाणी कुठं साठवायचं, तोफ कोणत्या तोंडाला ठेवायची, यावर भांडतात. त्याला गुण नसतात. असते तर तोही रेडीमेड मिळाला असता.

तेव्हा शिक्षकांना आमचं मागणं थोडकं आहे: फाइलऐवजी अर्धं पान, मुलाच्या अक्षरात, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट. पालकांनी पेन हातात घेऊ नये, फक्त कपाट उघडावं. मूळ कागद तेवढा शाळेत पाठवू नका, झेरॉक्स द्या. नाही तर सवयीनं कोणी तरी विक्रीपत्राच्या पाठीवर शिवनेरी चिकटवून देईल.