शस्त्रक्रियेचे यश आणि रुग्णाचे सौख्य

सुटलेले दृष्टिपटल जागी बसले, की शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे मानण्याचा प्रघात जुना आहे. स्विस नेत्रतज्ज्ञ झ्यूल गोनँ यांनी १९२० नंतरच्या दशकात पटलावरील छिद्र बंद करण्याचे तत्त्व प्रस्थापित केले. तोवर हा विकार बहुधा अंधत्वातच संपत असे. त्यामुळे त्या काळी हे माप पुरेसे होते. आज ते अपुरे ठरते.

टोरांटो येथील ‘पिव्हट’ हा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. १७६ रुग्णांच्या या अभ्यासात दोन उपचारांची तुलना आहे. एकात डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडून व छिद्राभोवती शीत किंवा लेसर उपचार करून पटल बसवितात. दुसऱ्यात, म्हणजे व्हिट्रेक्टॉमीत, डोळ्यातील काचद्रव प्रथम काढून टाकतात. पहिल्याच प्रयत्नात पटल बसण्याचे प्रमाण अनुक्रमे ८०.८ व ९३.२ टक्के आढळले. जुन्या मापाने निकाल येथेच लागला असता. परंतु वर्षाअखेर पहिल्या गटातील रुग्ण अक्षरफलकावर सरासरी सुमारे ५ अक्षरे अधिक वाचू शकले, आणि प्रतिमा वेडीवाकडी दिसण्याचा त्रासही त्यांना कमी होता. पटल बसणे व चांगले दिसणे या भिन्न गोष्टी होत, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि अभ्यासाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. छिद्रे पटलाच्या वरच्या भागात असलेलेच रुग्ण त्यात घेतले होते. शिवाय त्यातील प्रश्नावली दृष्टीविषयी व डोळ्याच्या वेदनेविषयी विचारते. मान, पाठ आणि झोप यांविषयी विचारत नाही. वस्तुतः वायू सोडल्यावर कित्येक दिवस मस्तक ठराविक स्थितीत ठेवावे लागते, आणि वायू विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो. सिलिकॉन तेल भरल्यास ते काढण्यासाठी बहुधा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. श्वेतपटलावर बाहेरून पट्टा बसविल्यास आरंभी वेदना व सूज अधिक. मात्र वायू सोडला नसेल, तर मस्तकस्थितीचे बंधन सहसा नसते.

हा भार प्रत्येकाला सारखा नसतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला किंवा रोजंदारीवरील मजुराला मान खाली घालून काढावयाचे आठ दिवस आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा संभव यांत निवड करावयाची असते. ती त्यांनी डोळसपणे करावी असे वाटत असेल, तर या दिवसांचा हिशेबही यशाच्या टक्केवारीशेजारी मांडला गेला पाहिजे.